आमच्या ईशान्येला

सुरुवात झाली ती ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. आमच्या टीममध्ये शिलाँगचा एक मुलगा आहे. तिघाचौघांचा दिवाळीनंतर मेघालयला जायचा प्लॅन शिजत होता, त्यामुळे सगळे त्याच्याभोवती गोळा. जिवंत मुळांचे पूल कुठे, गुहा कुठल्या बघायच्या, होमस्टे कितीला पडतो… तो बिचारा सगळ्यांना उत्तरं देत होता. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "तू बदलापूरला राहतोस ना? ट्रेनमधून पलीकडे मोठे डोंगर दिसतात. तिथे कोण राहतं?"

मी म्हटलं, "आदिवासी राहतात." तो म्हणाला, "हो, पण कोण?"

आता आली का पंचाईत! मी लहानपणापासून कुळगावात. ते डोंगर रोज सकाळी गॅलरीतून बघतो. किल्ले चार-पाच केलेत, सेल्फीही काढलेत. पण 'कोण' या प्रश्नाचं उत्तर मला दोन वाक्यांच्या पुढे देता येईना. आणि त्याला मात्र खासी, जयंतिया, गारो यांतला फरक, कुणाची शेती कशी, कुणाकडे जमीन मुलीच्या नावावर जाते, सगळं पाठ.

बदलापूरकरांना एक गंमत माहीत असेल. आमच्याकडे ज्याला 'वेस्ट' म्हणतात ते होकायंत्र काढून बघितलं तर जवळजवळ ईशान्येला येतं. स्टेशनाच्या त्या बाजूने बाहेर पडायचं, बदलापूर गाव मागे टाकायचं, उल्हास ओलांडायची, मुळगावचा खंडोबा डावी-उजवीकडे कुठेतरी ठेवायचा आणि बारवीच्या रस्त्याला लागायचं, की पुढे मुरबाड तालुका सुरू. म्हणजे लोक ईशान्येला जायला विमानाची तिकिटं काढतात आणि आमची स्वतःची ईशान्य पेट्रोलच्या पाव टाकीवर आहे. तेव्हा ठरवलं, मे महिन्यातला एक शनिवार, सकाळी सहाला बाईक काढायची.

आधी थोडी आकडेमोड, कारण सवय जात नाही. २०११च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर शहराची लोकसंख्या १ लाख ७४ हजार होती. त्याच वर्षी अख्ख्या मुरबाड तालुक्याची, म्हणजे पूर्वेला सह्याद्रीच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या सगळ्या गावा-पाड्यांची मिळून, दोन लाखांच्या आत. त्या भिंतीच्या वर पुणे जिल्हा. भिंतीवरून खाली बघतात ते गोरखगड, मच्छिंद्रगड, सिद्धगड. ठाणे जिल्हा म्हटलं की आपल्याला लोकल, फ्लायओव्हर आणि टॉवर आठवतात, पण त्याच जिल्ह्याच्या या तालुक्यात अजून रेल्वेची एक गाडी धावलेली नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या बातम्या मी शाळेत असल्यापासून ऐकतोय.

बारवीच्या अलीकडे रस्त्याकडेला वीटभट्ट्या लागल्या. मे महिना म्हणजे भट्ट्यांचा शेवटचा जोर. अख्खी कुटुंबं कामाला, लहान पोरं मातीत. यातली बरीच कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढायचा यांचा जुना धंदा, त्यावरून ते नाव. जंगलं सरकारी झाली, खैर तोडायला बंदी आली आणि कात गेला. उरली मजुरी. दिवाळीनंतर भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. आधी उचल घ्यायची आणि मग हंगामभर ती फेडत बसायचं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, पण उचलीचा हिशोब ज्याच्या वहीत असतो त्याचाच खरा मानला जातो. माझ्या फ्लॅटच्या भिंती मी पैसे देऊन घेतल्यात, हप्ते अजून चालू आहेत. त्यातल्या विटा कुणी थापल्या हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

पुढे बारवीचं पाणी दिसायला लागलं. एका वळणावर चहाची टपरी होती, तिथे थांबलो. टपरी एका मावशींची. मेमध्ये पाणी खाली गेलेलं, काठावर भेगाळलेला चिखल आणि मध्येच कुठेतरी दगडी जोत्यासारखं काहीतरी. मी सहज विचारलं, "मावशी, ते काय आहे?"

"घर होतं ते दादा. आमच्याच भावकीतलं. आमचं शेत त्याच्या पल्याड. ते नाही दिसत, ते अजून खाली आहे."

बारवी धरण एमआयडीसीनं बांधलं, १९७२ साली. कारखान्यांसाठी आणि वाढत्या शहरांसाठी. नंतर टप्प्याटप्प्यानं त्याची उंची वाढवली. शेवटच्या वाढीनंतर २०१९च्या पावसात ते पहिल्यांदा नव्या उंचीला भरलं. साठवण आता ३४० दशलक्ष घनमीटर. तोंडली, मोहघर, कोळे-वडखळ ही गावं त्या पाण्याच्या हिशोबात गेली. शेवटच्या टप्प्यात हजाराहून अधिक कुटुंबं विस्थापित. प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं आणि ती मिळवायला लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

मी विचारलं, "नोकरी मिळाली का घरात?"

"पोराला लागली की. शहरातच राहतो आता. शनिवार-रविवार येतो." मग चहा गाळता गाळता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"बदलापूरचा. कुळगाव."

"पाणी चांगलं येतं ना तुमच्याकडं?"

यात टोमणा अजिबात नव्हता. आपण एखाद्याला 'पाऊसपाणी कसंय' विचारतो तसं त्यांनी विचारलं. पण चहाचा घोट माझ्या घशात अडकला. कारण गेल्याच मे महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिवसातून एकदाच पाणी येतं म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडलेला माणूस मीच होतो.

आता तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर आमच्या कुळगावच्या नळाला येतं ते मुख्यतः उल्हास नदीचं पाणी, बॅरेजवरून उचललेलं. बारवीचं पाणी त्याच्या खालच्या अंगाला उल्हासमध्ये येतं, जांभूळला उचललं आणि शुद्ध केलं जातं आणि तिथून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली करत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीपर्यंत जातं. हे मी मनातल्या मनात घोकलं आणि क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग आठवलं की माझं ऑफिस त्याच पट्ट्यात आहे. पाच दिवस मी बाटली भरतो ती तिथे. मावशींना मी एवढंच म्हणालो, "हो, येतं चांगलं." चहाचे पैसे दिले आणि निघालो.

मुरबाडहून म्हशाकडे वळलो. म्हसा म्हणजे खांबलिंगेश्वराची यात्रा, पौष पौर्णिमेला. बैलांचा मोठा बाजार भरतो, घोंगड्या मिळतात. मेमध्ये अर्थात तिथे शुकशुकाट. दोन्ही बाजूंच्या शेतात काळे चौकोन दिसत होते. मला आधी वाटलं वणवा. नंतर कळलं तो राब. पालापाचोळा, शेण, गवत रचून वाफा भाजायचा आणि पाऊस आला की तिथे भाताचं रोप पेरायचं. वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. या उतारावरच्या तुकड्यांना दळी म्हणतात. ठाकूर आणि कातकऱ्यांची ही जुनी शेती, जमीन वनखात्याची आणि कसणारे हे. शिलाँगवाला झूम शेतीबद्दल जे सांगत होता, त्याचीच ही चुलत बहीण म्हणा ना. फरक एवढाच की त्याच्याकडे खासी डोंगरांना सहाव्या अनुसूचीखाली स्वायत्त जिल्हा परिषद आहे, जमीन आणि जंगलाबाबत कायदे करण्याचे काही अधिकार तिच्याकडे आहेत. आपल्याकडे पाचवी अनुसूची, त्यातही मुरबाड तालुका अर्धाच. काही गावं अनुसूचित क्षेत्रात, काही बाहेर. त्यामुळे १९९६चा पेसा कायदा या गावाला लागू, आणि शेजारच्या गावाला नाही. डोंगर मात्र दोघांचा एकच!

वनहक्क कायदा २००६चा. तुम्ही पिढ्यानपिढ्या ही जमीन कसताय याचा पुरावा द्या, की ती तुमच्या नावावर होईल. ऐकायला सोपं आहे. पण ज्या माणसाला कुणी कधी कागदच दिला नाही, त्यानं पुरावा कुठून आणायचा? आमच्याकडे एखाद्या जुन्या सिस्टीमचं डॉक्युमेंटेशन नसलं की आम्ही म्हातारे इंजिनियर शोधतो आणि त्यांना विचारतो. तसंच इथेही आहे म्हणा, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब हा कायद्यानं पुरावाच धरलाय. तो मान्य करायला लावणं हे खरं काम.

नारिवलीच्या पुढे सिद्धगड समोर उभा राहिला. २ जानेवारी १९४३च्या पहाटे इथल्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. कोतवाल माथेरानचे, वकील, वय अवघं तीस. त्यांच्या आझाद दस्त्यानं काय केलं? मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. दर वर्षी २ जानेवारीला इथे लोक मानवंदनेला जमतात. मी तिथल्या सावलीत बसून विचार करत होतो… तेव्हाही वीज डोंगरातून मुंबईला जात होती, आज पाणी जातंय. खाली काय येतं हे आपल्याला रोज कळतं, वर काय जातं याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

एका वाडीत टँकर उभा होता. हंड्यांची रांग. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो! पण उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा कातळ. चार महिन्यांत सगळं वाहून आमच्याकडे येतं आणि एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या डोक्यावर पडलं तेच कोरडे. चेरापुंजीचंही हेच रडगाणं, शिलाँगवाल्यानं सांगितलं होतं. विक्रमी पावसाच्या गावात हिवाळ्यात प्यायच्या पाण्याची वणवण.

आणि गोष्ट इथे संपत नाही. माळशेजच्या बाजूनं काळू नदी येते, टिटवाळ्यावरून पुढे उल्हासला मिळते. मुंबईभोवतीच्या शहरांच्या पाण्यासाठी तिच्यावर मोठं धरण बांधायचं घाटतंय. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाते, शिवाय शेतं आणि वाड्या. वनखात्याच्या मंजुरीआधीच काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना हायकोर्टात गेली आणि २०१२ मध्ये काम थांबलं. त्यानंतरही प्रकल्प मेला नाही. शहरात पाण्याची ओरड झाली की फाईल पुन्हा वर येते. ही ओरड कोण करतं, ते वर सांगितलंच आहे.

मी धरणाच्या विरोधात घोषणा देणार नाहीये. माझ्या बिल्डिंगमध्ये ऐंशी घरं आहेत आणि त्यांना पाणी लागतं, मलाही लागतं. पण एखादा बदल प्रॉडक्शनला टाकायच्या आधी आम्ही विचारतो, यामुळे कुणाचं काय बंद पडेल? तेवढं तरी विचारायला हवं. आणि आधीच्या रिलीजमधले बग मिटले का, हेही. बारवीच्या घरांना नोकऱ्या मिळायला इतकी वर्षं लागली, हे काळूच्या लोकांना माहीत आहे. उगाच विरोध करतात असं नाही.

घरी आलो तर आईनं विचारलं, "काय आणलंस मुरबाडहून?" काहीच नव्हतं आणलं. ती म्हणाली, "अरे, जून लागला की तिथल्याच बायका येतात ना स्टेशनाबाहेर शेवळं घेऊन. काकडं पण देतात बरोबर, नाहीतर घसा खाजतो." म्हणजे आईची ओळख माझ्याआधीची निघाली. शेवळं आणि काकडं एकत्र शिजवायची हे तिला त्यांच्यापैकीच कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी इतकी वर्षं ती भाजी खात आलो आणि कुठून येते विचारलं नाही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये शिलाँगवाल्याला उत्तर दिलं. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, खाली पट्ट्यात कुणबी आणि आगरी. दळी काय, राब काय, काळू कुठे. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "तुमच्याकडचे लोक तिकडे जातात का बघायला?" मी म्हटलं, "जातात ना, पावसाळ्यात. धबधब्याला." तो हसला. "आमच्याकडेही तेव्हाच येतात."

परवाच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचा विषय मांडला. खर्चाचा अंदाज काढून नेला होता, एक्सेल शीटसकट. सेक्रेटरी काका म्हणाले, विषय चांगला आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ. पार्किंगवर मात्र पाऊण तास चर्चा झाली.

असो. पुढच्या मीटिंगला पुन्हा मांडणार आहे. आणि जूनमध्ये, पहिला पाऊस झाला की, आईला मागे बसवून बारवीच्या रस्त्याला जायचं आहे. त्या मावशींकडे चहा प्यायचा आहे. आईला त्यांच्याशी काय बोलायचं ते माझ्यापेक्षा जास्त कळेल.