कादवाकाठची थंडी

मामीची द्राक्षबाग आता नाही. नोव्हेंबरात तोडली. मी जानेवारीत गेले तेव्हा बांधाच्या कडेला लोखंडी अँगलांची चळत रचलेली होती, तारांची भेंडोळी विहिरीजवळ पडली होती आणि जिथे थॉमसनच्या ओळी उभ्या असायच्या तिथे उशिरा पेरलेला गहू घोट्याच्या वर आला होता. निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला, जमीन नदीकडे उतरता उतरता जिथे खोलगट होते तिथला हा तुकडा. मी वाढले नाशिक शहरात, पण थंडी म्हणजे काय ते या तुकड्यात शिकले. कोणी नाशिकच्या हिवाळ्याचं कौतुक करायला लागलं की माझ्या डोळ्यांपुढे घाट येत नाही, देवळं येत नाहीत. पहाटेचा धूर येतो आणि त्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी असलेली मामी येते.

बाग थंडीने गेली नाही, हे आधी सांगायला हवं. ती पावसाने गेली. २०२५ चा मे महिना पावसातच संपला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीला ऊन लागतं, कारण त्याच दिवसांत डोळ्याच्या आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. ते ऊन मिळालं नाही, आणि पाऊस तर ऑक्टोबरपर्यंत हटला नाही. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर वेली फुटल्या, पाला तजेलदार आला, पण घड आले नाहीत. मामी ओळीओळीने फिरली, पानं बाजूला सारून बघत राहिली, आणि एका संध्याकाळी तिने जेसीबीवाल्याला फोन केला. जी बाई उभा जन्म डिसेंबर-जानेवारीच्या पहाटांशी झुंजली, तिची बाग भर उन्हाळ्यात आतल्या आत रिकामी होऊन गेली, तेव्हा कोणाला पत्ताही लागला नव्हता. याचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

या खोलगटाची थंडी वेगळी का, ते समजायला मला बरीच वर्षं लागली. उत्तरेत पश्चिमी झंझावात येतो, हिमालयात बर्फ पडतं, आणि तो पुढे सरकला की कोरडे वारे मोकळे सुटतात. खानदेश ओलांडून, सातमाळ्याच्या रांगेवरून ते आपल्याकडे उतरतात. आभाळ स्वच्छ होतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सगळी ऊब वर सोडून देते, आणि थंड झालेली जड हवा पाण्यासारखी उताराने सरकत खोलगटात येऊन साचते. वारा पडलेला असेल तर ती तिथेच बसून राहते. म्हणून वरच्या माळावर आठ-नऊ अंश असतात त्या पहाटे खाली नदीकाठी पाच-सहा असू शकतात. आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तिथेच अठ्ठावीस-एकोणतीस अंशांचं ऊन पाठीला चटके देतं.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाऱ्याची नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येते: निफाडचा पारा इतक्यावर. सोबत धुक्यातल्या गोदाकाठाचा फोटो असतो, शेकोटीचा असतो, कानटोपीतल्या पोराचा असतो. शहरात त्या आकड्याची मौज असते. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गाड्या निघतात. मलाही ते पक्षी आवडतात. पण तीच कादवा तिथे जाऊन गोदावरीला मिळते, आणि तिच्या काठाला त्या रात्री कोण जागं होतं, हे त्या बातमीत कधी नसतं.

पारा पाच-सहाच्या खाली गेला की द्राक्षाच्या मुळांचं काम मंदावतं, मण्यांची फुगवण थांबते. कोरड्या थंडीत भुरीचा रोग वाढतो. पहाटे गारठा आणि दुपारी ऊन असं फार दिवस चाललं की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा चढते. त्याला बागायतदार पिंक बेरी म्हणतात, आणि तो माल निर्यातीला चालत नाही. म्हणून घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. मामीच्या बागेत असे शेकडो घड पेपरात लपेटलेले असत. कित्येक कागदांवर निफाडच्याच पाऱ्याची बातमी असे.

थंडी नुसती थंडी असती तर मामीला ती जमली असती. तिला ती जमतच होती. पहाटे विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडायचं म्हणजे मुळांशी ऊब राहते, ओळींच्या टोकाला शेकोट्या करायच्या, संध्याकाळी वाऱ्याचा अंदाज घ्यायचा. घोर लागतो तो हवा फिरली की. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात काही घडतं, ओलसर वारे आत शिरतात, दोन दिवसांत रात्रीचा पारा आठ-दहा अंशांनी वर जातो आणि आभाळ भरून येतं. आता भुरी मागे पडते आणि डाऊनी या दुसऱ्या रोगाची भीती सुरू होते. धुकं दहा वाजेपर्यंत हलत नाही, पानांवरचं दव सुकत नाही. मण्यात पाणी उतरलेलं असेल आणि पाऊस आला तर मणी तडकतात. थंडीत जे पाणी द्यायचं, ढगात तेच तोडायचं असतं. काल सोडलेलं पाणी आज नडतं. थंडीची तयारी आणि ढगाची तयारी एकमेकींच्या विरुद्ध असतात, आणि दोन्हींच्या मधे आता कधी कधी एकच रात्र मिळते.

२०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला. मी तेव्हा नाताळच्या सुट्टीत तिथे होते. मामांना दमा. डिसेंबर लागला की त्यांची छाती भरायची, धुरात तर त्यांना उभंच राहता यायचं नाही. त्यामुळे पहाट मामीची होती, लग्नानंतरच्या थोड्याच वर्षांत ती तिच्याकडे आली आणि मग तिचीच राहिली. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रपाळीत होती. मोटार चालू करायला ती मध्यरात्रीच उठली होती. मला तिने चारच्या सुमारास हाक मारली.

"पोरी, येतीस का? हात पायजे एक."

बाहेर वारा अजिबात नव्हता. चांदण्या इतक्या स्वच्छ दिसत होत्या की त्यांच्याकडे बघून मामी म्हणाली, आज काही खरं नाही. बांधाकडेला आदल्या छाटणीच्या काड्या आणि उसाचं पाचट रचून ठेवलेलं होतं. ती काडी ओढायची, जाळ धरला की वरून ओलं पाचट टाकायची. मी उत्साहाने काड्या वाढवायला गेले तर तिने माझा हात धरला. "जाळ नको गं. धूर पायजे. जाळाने शेजारची पानं करपतील." धूर मांडवाच्या खाली रेंगाळला की बागेतली ऊब वर निसटत नाही, असा तिचा हिशोब. एका ढिगाशी ती फार वेळ थांबत नसे. पेटला, धुमसला, की पुढचा. सगळे ढीग लागले की पुन्हा पहिल्यापाशी यायचं. मधेच ठिबकच्या नळीला हात लावून पाणी चालू आहे ना ते बघायचं. मधेच एखादा कागद वर करून घडाला गाल लावायचा. हाताला कळत नाही, हात बधिर झालेले असतात, असं तिने मला सांगितलं.

साडेपाचच्या पुढे सगळ्यात जास्त गार झालं. उजाडायच्या आधीचा तो तास मी विसरू शकत नाही. बांधावरच्या गवताला बोट लावलं तर ते कडक लागत होतं, दव गोठलं होतं. मामीच्या डोळ्यांतून धुराने पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण हातात पाचट होतं. घरात मामा खोकत होते, ते मळ्यापर्यंत ऐकू येत होतं. प्रत्येक खोकल्यासरशी ती घराकडे मान वळवायची आणि पुन्हा ढिगाकडे. मी म्हटलं, मामी, तू जा आत, मी बघते. ती म्हणाली, "ते खोकतात तवर बरं असतं." आणि पुढच्या ओळीकडे निघाली. त्या वाक्यात तिच्या संसाराचं किती काही होतं ते मला मामा गेल्यावर समजलं.

ती बाग त्या पहाटे वाचली. कडेच्या दोन ओळींचे शेंडे काळवंडले, बाकीचं शाबूत राहिलं. फेब्रुवारीत पुन्हा थंडीची लाट आली, तीही मामीने काढली. मग व्यापाऱ्याने फोनवरूनच ठरलेला भाव पाडला. निफाडला एवढी थंडी पडली म्हणजे माल गुलाबी झाला असणार, असं त्याचं म्हणणं. तो बागेत आला नाही. त्याने कागद उलगडून एक घडसुद्धा हातात घेतला नाही. मामांनी मान डोलावली, कारण मणी तयार होते आणि थांबायला वेळ नव्हता. ज्या रात्रीशी मामी झुंजली तिचा आकडा पेपरातून त्याच्यापर्यंत पोहोचला होता, तिची झुंज पोहोचली नव्हती.

तेव्हापासून मी हिवाळे वेगळ्या नजरेने बघते. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ च्या डिसेंबरात, ओखी वादळाने ऐन थंडीत पाऊस आणला होता. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत असा पाऊस आणि असा गारठा एकत्र आला की भरदुपारीही पारा चढेना, आणि नगर-पुणे-नाशिकच्या पट्ट्यात उघड्यावर बसलेल्या मेंढपाळांच्या हजारो मेंढ्या गारठून मेल्या. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाडवर गारा पडल्या. गारपीट पूर्वी फेब्रुवारी-मार्चची धास्ती होती. २०१४ ची मोठी गारपीटही त्याच महिन्यांतली. आता दिवाळी सरते न सरते तोच लोक आभाळाकडे बघायला लागतात. अरबी समुद्र तापतो आहे, हे हवामानाचे अभ्यासक सांगतात. मामीच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की तिला जे येत होतं ते चुकीच्या दिवशी उपयोगाचं ठरायला लागलं.

घरात भिंतीवरच्या कालनिर्णयात इतर बायका दुधाचा हिशोब लिहितात, त्या चौकटीत मामी पहाटेचा पारा लिहायची. मामांनी मांडवाच्या खांबाला थर्मामीटर टांगलं होतं, ते वाचून. थंडीचे तिन्ही महिने, साल बदललं तरी त्याच बारीक अक्षरात. जुनी कॅलेंडरं तिने ट्रंकेत ठेवली आहेत. एका वर्षी मी ती घेऊन विम्याच्या कचेरीत गेले. हवामानावर आधारित फळपीक विमा होता, थंडीचं नुकसान त्यात धरलेलं होतं. पण धरलेलं असतं ते महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचं तापमान. आमच्या मंडळाचं केंद्र उंचावर आहे. खोलगटात जे साचतं ते तिथपर्यंत जात नाही. समोरच्या माणसाने कॅलेंडरची पानं सभ्यपणे उलटली आणि परत दिली. मी ती मामीला परत देताना काय बोलावं ते मला सुचलं नाही. तिनेच विषय बदलला, पोहे टाकू का म्हणून विचारलं.

आता तिथे गहू आहे. गव्हाला थंडी लागते, थंडी चांगली पडली की फुटवे जास्त येतात. उभा जन्म जिला परतवून लावलं त्या थंडीची मामी आता वाट बघते. मी गेले त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, रात्री उबदार होत्या, पंखा लावावा अशी दुपार होती. गव्हावर मावा दिसायला लागला होता. "आता पडायला पायजे होती गं थंडी," ती म्हणाली, आणि बांधावर उभी राहून उत्तरेकडे बघत राहिली. फेब्रुवारीत ऊन एकदम चढलं तर दाणा बारीक राहील, याची काळजी तिने जानेवारीतच सुरू केली आहे. थर्मामीटर तिने मांडवाच्या खांबावरून काढून विहिरीच्या खोलीच्या दाराला लावलं आहे. नोंद चालू आहे.

मामीची मागणी मोठी नाही. थंडी कमी पडावी की जास्त, हा तिचा हट्ट नाही. संध्याकाळी केलेलं सकाळपर्यंत बरोबर ठरावं, एवढंच तिला हवं आहे. ते देणं आता कोणाच्याच हातात राहिलेलं नाही, हे मलाही समजतं. पण खोलगटातली थंडी खोलगटात जाऊन मोजणं, मध्यरात्रीची वीज दिवसा देणं, भाव पाडण्याआधी बागेत येऊन कागद उलगडून घड बघणं, हे तर माणसांच्याच हातात आहे. यातलं एकही हवामानावर अवलंबून नाही. मामीने तिच्या वाटणीचं काम दर हिवाळ्यात पहाटे चारला उठून केलं. उरलेलं काम ज्यांचं आहे त्यांना उठवायला अजून कोणी गेलेलं नाही, आणि ते आता आपणच करायला हवं.