उसनी कॅसेट

माझे धाकटे बंधू अमेरिकेत असतात. २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांचा फोन आला आणि बोलता बोलता त्यांनी विचारले, "दादा, डिसेंबरात येतो आहे. पुतण्यासाठी काय आणू?" प्रश्न मला होता, उत्तर मात्र आमच्या चिरंजीवांनी दिले.

"काका, प्लेस्टेशन पाच प्रो!"

भूमितीच्या कोणत्याही प्रश्नाला चिरंजीवांनी इतक्या तत्परतेने उत्तर दिल्याचे मला स्मरत नाही. बंधू हसले. अर्धे पैसे आपण देऊ, असेही त्यांनी सांगून टाकले. राहिलेल्या अर्ध्यांचा धनी मी! "विचार करून कळवतो," असे म्हणून मी फोन ठेवला.

हे वाक्य मोठ्या माणसांनी केवळ नकार देण्यासाठीच शोधून काढले आहे, अशी चिरंजीवांची पक्की समजूत आहे. या खेपेला मात्र मी खरोखरच विचार करायचे ठरवले. एक कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ ओढली, डावीकडे 'जमा' आणि उजवीकडे 'खर्च' असे लिहिले, व चिरंजीवांना शेजारी बसवून घेतले.

जमेची बाजू त्यांना तोंडपाठ होती. साध्या प्लेस्टेशन पाचपेक्षा या यंत्राचा चित्रे रेखाटण्याचा वेग सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आहे, असे सोनी कंपनी सांगते. त्याच्या पोटात २ टेराबाइट माहिती मावते. शिवाय त्याला एक अजब युक्ती शिकवलेली आहे. ते आधी कमी ठिपक्यांचे चित्र काढते आणि मधल्या जागी कोणते ठिपके असावेत, हे स्वतःच ताडून चित्र भरून काढते. हे ऐकताना मला अंगणात रांगोळी काढणारी माझी आई आठवली. चार ठिपके पाहताच तिच्या बोटांना पुढची सारी वेल दिसत असे.

मग खर्चाची बाजू आली. यंत्राची अमेरिकेतील किंमत ६९९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५९,००० रुपये. कर आणि जकात निराळीच. त्यातील बिनतारी संपर्कासाठी लागणाऱ्या काही लहरींच्या वापराला त्या वेळी भारतात परवानगी नव्हती. म्हणून कंपनीने ते येथे विक्रीलाच आणले नव्हते. उद्या ते बिघडले, तर दाद कोणाकडे मागायची? एवढे लिहून मी टेप घेऊन उठलो. आमचा दूरचित्रवाणी संच ३२ इंचांचा. त्याच्यापासून आमची बैठक ९ फुटांवर. इतक्या अंतरावरून एवढ्या पडद्यावरचे जास्तीचे ठिपके माणसाच्या डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत.

"मग आपण जवळ बसू!" चिरंजीव म्हणाले.

मला हसू आवरेना. पण तेवढ्यात एक शंका मनात आली. "तबकडी घालायची खाच कोठे आहे रे याला?"

"खाच नाही, बाबा. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे. खाच हवी असेल तर वेगळी विकत घ्यावी लागते."

"आणि तुझ्या मित्राला एखादा खेळ चार दिवस द्यायचा झाला तर?"

चिरंजीव गप्प झाले. तबकडी ही आपली वस्तू असते. ती कोणाला देता येते, कंटाळा आल्यावर विकताही येते. उतरवून घेतलेला खेळ म्हणजे केवळ खेळण्याचा परवाना. तो आपल्या खात्याला बांधलेला असतो. तबकडीसारखा या हातातून त्या हातात जात नाही.

मी उठलो आणि कपाटाच्या तळाशी असलेल्या डब्यातून एक जुनी, पिवळट कॅसेट काढली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली घरगुती खेळाचे एक यंत्र काढले होते. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्याकडे 'टीव्ही गेम' या नावाने आल्या. पुण्याच्या सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात तसे दोन होते : एक माझा, दुसरा समोरच्या बिऱ्हाडातील माझ्या मित्राचा. त्याच्या कॅसेटी माझ्याकडे, माझ्या त्याच्याकडे, असा आमचा अखंड व्यवहार चाले. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात जोराने फुंकर मारायची, हा आमचा रामबाण उपाय होता.

एका मे महिन्यात त्याच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना तो आमच्या दारात आला. "तुझा खेळ पुरा झाला का?" त्याने विचारले. तो मी आदल्या दिवशीच पुरा केला होता. तरी मी म्हणालो, "शेवटचा टप्पा राहिला आहे रे."

"मग राहू दे तुझ्याकडे. सुट्टीत येईन तेव्हा घेईन," असे म्हणून तो निघून गेला. पुढे वाडा पडला, आम्हीही तेथून हललो. तो आला की नाही, हे मला कधीच कळले नाही. एवढे मात्र खरे, की त्यानंतर ती कॅसेट मी एकदाही यंत्रात घातली नाही.

ही हकीकत मी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. चिरंजीवांनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग पेन्सिल उचलून त्यांनी कागदावर लिहिले : 'खाच असलेले साधे यंत्र. जमा : उसने देता येते.'

तसेच ठरले. २०२१ च्या फेब्रुवारीत साधे यंत्र भारतात आले तेव्हा खाच असलेल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढे ती वाढलीही. तेव्हा घाई न करता उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबावे आणि चिरंजीवांनी बक्षिसाचे पैसे साठवून त्यात आपला वाटा घालावा, असा आमचा करार झाला. बंधूंना मी तसे कळवले.

कागदावरचा हिशोब जुळला होता. मी कॅसेट पुन्हा डब्यात ठेवू लागलो, तोच चिरंजीवांनी माझा हात धरला.

"आत नका ठेवू, बाबा," ते म्हणाले. "नागपूरचा पत्ता शोधायचा आहे ना?"