दोनदा आलेला तास

मुंबई सोडली तेव्हा नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते आणि दर्याचा राग अजून पुरता ओसरला नव्हता. नवरा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. मी त्याच्यासोबत मोंबासापर्यंत निघालेली. खांदेरीच्या दीपगृहाचा उजेड मागे बुडाला, तशी मी वही उघडली.

पश्चिमेला जाताना जहाजावरची घड्याळं मागे घेतात. 15 रेखांशांना एक तास. ‘‘आज रात्री तुला एक तास मिळेल गं,’’ तो जेवताना सांगायचा. मग अकराचे पुन्हा दहा व्हायचे आणि एकदा जगून झालेली तीच रात्र, इंजिनाची तीच घरघर, पोर्टहोलवर आपटणारं तेच काळं पाणी, सगळं नव्याने कोरं होऊन माझ्यापुढे यायचं. त्या तासावर कुणाचाच हक्क नव्हता.

मी त्यात लिहायचे.

सकाळचं शिसवी पाणी, जहाजामागे पेटत विझत जाणारी हिरवी-निळी रेघ, डेकवर येऊन पडलेला उडता मासा आणि त्याचे अजून ओले पंख, डिझेलच्या वासातून मध्येच, कुठून कोण जाणे, आलेला आईच्या दारचा प्राजक्त. अक्षर मात्र माझं राहिलं नव्हतं. जहाज कललं की काना लांबायचा, वेलांटी उताराला लागायची, शिरोरेघेला भरती यायची. खाऱ्या दमटपणाने शाई फुटायची.

त्याचं लिहिणं ब्रिजवरच्या लॉगबुकात. वारा, समुद्र, बॅरोमीटर. दुपारी बाराला अक्षांश-रेखांश. विषुववृत्त ओलांडलं त्या दिवशीही तेच. एवढ्या मोठ्या निळाईत माणूस कुठेच कसा नाही, याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं.

परतताना, पूर्वेकडे येत, ते तास एकेक करून फेडावे लागले. रात्री आखूड झाल्या. वहीत तेवढी पानं कोरी आहेत.

परवा ती वही हाती आली. एका रात्रीचं वाक्य ‘आज पाण्याचा आवाज’ इथे तुटलंय आणि पेनाची रेघ घसरत पानाच्या कडेला गेलीय. लिहितालिहिता डोळा लागला असणार. दुसऱ्या दिवशी मी पान उलटून पुढे लिहीत गेले असेन. कारण त्याच पानाच्या तळाशी, वॉचवरून उतरल्यावर लिहिलेल्या, त्याच्या सरळ, कुठल्याच लाटेने न हललेल्या अक्षरांतल्या या ओळी मी इतक्या वर्षांत पाहिल्याच नव्हत्या :

पहाटे 4.20. वारा नैर्ऋत्येचा, बल 7. समुद्र खवळलेला. ती शांत झोपली आहे.