फेरातली जागा

रत्नागिरीला गेलेला पुण्या-मुंबईचा पाहुणा थिबा राजवाडा पाहतो, रत्नदुर्गावरून समुद्र डोळ्यांत साठवतो, पतितपावन मंदिरात हात जोडतो आणि आंब्याच्या पेट्या घेऊन परततो. यात वावगे काही नाही. पण हा झाला उन्हाळ्यातला शिरस्ता. या मुलखाचा ठेका ऐकायचा असेल तर भाद्रपदात यावे आणि शहर मागे टाकून एखाद्या वाडीवर मुक्काम करावा.

भाताची लावणी उरकलेली असते, कापणीला अवकाश असतो. घरोघर गणपती बसलेले असतात आणि मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो. एके काळी तो भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने येई. १९९८ साली कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली, तेव्हापासून तो गाडीला लोंबकळत येतो. वाहन बदलले, पण रात्री आरती आटोपली की त्याचे पाय ज्या अंगणाकडे वळतात, ते अंगण तेच आहे. तिथे जाखडी रंगणार असते.

जाखडीलाच बाल्या नाच म्हणतात. मुंबईत घरकाम करणाऱ्या कोकण्यांच्या कानात बाळी असे, त्यावरून शहरी लोक त्यांना ‘बाल्या’ म्हणत, असे सांगतात. चेष्टेचे नाव या माणसांनी आपल्या नाचाला लावून मिरवले, हा अस्सल कोकणी काटा!

मांडणी अगदी साधी. मधोमध बुवा, मृदंग किंवा ढोलकी, झांज आणि झील धरणारे बसतात. त्यांच्याभोवती पायात चाळ बांधून आठ-दहा गडी फेर धरतात. आधी गण, मग गवळण. समोर दुसरा संघ असला तर शक्ती आणि तुरा यांचे सवाल-जवाब झडतात. शक्तीवाले पार्वतीची थोरवी गाणार, तुरेवाले शंकराची. आणि पहाटेपर्यंत दोघांचाही संसार सुखाचा चाललेला असतो.

फेराकडे जरा निरखून पाहावे. त्यात तीस वर्षे नाचलेला गडी असतो, त्याच्यामागे वर्षातून पाचच दिवस नाचणारा गिरणगावातला चाकरमानी, आणि त्याच्याही मागे यंदाच पायात चाळ बांधलेले शाळकरी पोर. तिघांची तयारी सारखी कशी असेल? तरीही नाच मोडत नाही, कारण वर्तुळाला पहिली रांग नाही आणि शेवटचीही नाही. मृदंग सगळ्यांपासून सारख्याच अंतरावर. पाऊल चुकले तर पुढच्याची टाच पाहावी. तोही चुकला तर समोरचा दिसतोच. चाल आधी संथ असते, तेवढ्यात नवशिक्याचे पाय बसतात. लय वाढली आणि झेपेनासे झाले, की तो हळूच बाहेर येऊन झील धरतो. त्याची कोणी हजेरी घेत नाही. एखादा आजोबा फार तर म्हणतो, ‘‘बाला, पायाकडं बघू नको, मृदंग आयक.’’ एवढीच शिकवणी.

आता जाखडीच्या स्पर्धा होतात, मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून सामने रंगतात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले आहेत. मुलींचे संघही उभे राहिले, हे फार चांगले झाले. रंगमंचावर मात्र प्रेक्षक एकाच बाजूला बसतात. फेर त्यांच्याकडे तोंड करू लागतो, एकसारख्या पोशाखात एकसारखी पावले लागतात, आणि कच्चा गडी आपोआप घरी राहतो. बक्षिसासाठी ते गरजेचेही असेल.

पण वाडीचा हिशेब निराळा आहे. कित्येक घरांची कुलपे शिमग्याला आणि गणपतीलाच उघडतात. तिथे निवडून उत्तम तेवढेच नाचवायचे म्हटले, तर फेरच पुरा होणार नाही. चुकणारा पाहुणा, अडखळणारे पोर, दमलेला म्हातारा यांना धरूनच वर्तुळ जुळते. उद्या मृदंगावर बसणारा आज त्या पोरांतच कुठेतरी अडखळत असतो.

म्हणून वाचकहो, पुढच्या भाद्रपदात तिकडे गेलात आणि कोणी ‘‘या की पावणं, मागं उभं ऱ्हावा’’ म्हणाले, तर संकोच करू नका. चपला काढा, चिखल असेल तर विजार वर दुमडा आणि पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवा. तुमच्यासाठी जागा करायला तिथे कोणाला उठावे लागत नाही. फेर तेवढा एका पावलाने मोठा होतो.