३८३३

टपालाने खेळावयाच्या बुद्धिबळात खेळी अंकांनी कळवितात; पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्यांना आणि त्याच्या बाजूकडून आडव्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक दिले, की परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोघा गृहस्थांनाही चार अंकांत सारे सांगता येते. माझ्या चेक प्रतिस्पर्ध्याने ५२५४ लिहून राजापुढील प्यादे दोन घरे सरकविले, आणि मी ३७३५ लिहून, सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या पोलेरिओने नोंदून ठेवलेला सिसिलियन बचाव स्वीकारला.

ज्या देशी डावावर माझा हात बसला त्यात प्यादे प्रथमही एकच घर चाले, म्हणून असेल, पण वजिराच्या उंटापुढील प्यादे एकदम दोन घरे टाकून पटाचे साम्य पहिल्याच खेळीत मोडण्यातले धैर्य मला आजही विलक्षण वाटते. ते प्यादे पुढे अदलाबदलीत खर्ची पडते आणि त्या पट्टीवर काळ्या हत्तीला वाट मोकळी होते.

दहा खेळ्यांस तीस दिवसांची मुदत, टपालाच्या प्रवासाचे दिवस हिशेबाबाहेर. कार्ड आल्याची व धाडल्याची तारीख मी बारनिशीत नोंदीत असे. एकोणिसाव्या खेळीस पोहोचेतो दुसरे वर्ष सरत आले. त्या मोकळ्या पट्टीवरून हत्तीने समोरचा घोडा मारावा काय? हत्तीचे मोल पाच प्याद्यांचे, घोड्याचे तीन. परंतु तोच घोडा पांढऱ्याचे मधले प्यादे राखीत होता, आणि शेजारच्या प्याद्याने हत्ती घेतला की वजिराच्या बाजूस किल्लेकोट करून बसलेल्या राजापुढची भिंत ढासळणार होती. पट अकरा दिवस मेजावर तसाच मांडलेला राहिला. समोरासमोरच्या डावात असा हत्ती आवेशात दिला जातो, येथे तो रोज सकाळी नव्याने द्यावा लागे.

अखेर ३८३३ लिहिले आणि चारदा पडताळले. कारण पूर्वी एका डावात अखेरच्या ३ ऐवजी माझ्या हातून ४ पडला होता, आणि लिहिलेली खेळी नियमात बसत असेल तर तीच कायम होते. ‘२२३३ खेळल्यास ६६५४’ अशी सशर्त खेळी जोडून महिनाभर वाचविता आला असता, पण तो हत्ती घेतो की नाही हे मला त्याच्याच अक्षरात पाहावयाचे होते.

एकेचाळिसाव्या दिवशी कार्ड आले. उत्तर २२३३ हेच होते. प्रतिपक्षाची खेळी पोहोच म्हणून पुन्हा लिहिण्याच्या रकान्यात ३८३३, आणि त्यापुढे निळ्या शाईने काढलेले एक उद्गारचिन्ह.