पहिल्या रात्रीचा ठणका

"डॉक्टर, हातानं करणार की मशीननं?" मिरकरवाड्याच्या एका खलाशानं खुर्चीत बसता बसता विचारलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची बोट सुटणार होती. भर समुद्रात दाढ ठणकायला लागली तर जायचं कुठं? रत्नागिरीत इतकी वर्षं रूट कॅनॉल करते आहे, हा प्रश्न नेहमीचाच. त्या दिवशी मात्र त्याचं वजन जाणवलं.

दाताच्या मुळातली नळी साफ करायच्या सुईला आम्ही फाइल म्हणतो. एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्यानं १८३८ मध्ये घड्याळाची स्प्रिंग घासून ती बनवली, असं आम्हाला शिकवलं गेलं. माझा हात बसला तो स्टीलच्या फाइलींवर. पांढरी १५ नंबरची, पिवळी २०, लाल २५. लाल फाइलचं टोक पाव मिलिमीटर जाडीचं. स्टील वाकतं, पण लगेच सरळ व्हायला बघतं, म्हणून वाकड्या मुळात ते भिंतच कोरायला लागतं. १९८८ मध्ये हरमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून फाइल घडवली. ती स्टीलपेक्षा दोन ते तीन पट लवचिक निघाली. मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेत वाकड्या नळीतून जाणारी आजची मशीनची फाइल तिथूनच आली.

आता दुखण्याचं. मुळाच्या टोकाला एक बारीक भोक असतं. नळी साफ करताना कुजलेला गर, जंतू आणि दाताचा चुरा यातलं थोडं त्या भोकातून पलीकडे ढकललं जातंच. तिथल्या पेशी चवताळतात आणि भूल उतरली की ठणका सुरू होतो. फाइल वर-खाली घासली तर ती पंपाच्या दट्ट्यासारखी चुरा खाली लोटते. फिरणारी फाइल गिरमिटासारखी चालते. सुतार बोटीच्या फळीला भोक पाडतो तेव्हा भुसा त्याच्या हाताकडे वर येतो, तसंच इथं.

म्हणून बहुतेक तुलनांमध्ये मशीननं केलेल्या दातांत पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी आढळतं. आठवड्यानंतर फरक उरत नाही. २०११ पासून मागे-पुढे फिरणाऱ्या एकाच फाइलनं काम उरकायची पद्धत आली. ती जास्त दुखवते की कमी, यावरचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. त्यामुळे 'वेदनारहित' अशी जाहिरात करणाऱ्या फाइलवर माझा भरवसा नाही. शिवाय १९८५ मध्ये जेम्स रोन यांनी हातानंच फाइल पुढे-मागे वळवत कापायची रीत मांडली. तिच्यातही चुरा कमीच पलीकडे जातो. म्हणजे गुण हालचालीचा आहे, मोटारीचा नव्हे.

आणि लांबीचा. सुरुवातीच्या काळात एका शिक्षिकेच्या दाढेत माझी फाइल मुळाच्या टोकापलीकडे गेली. मिलिमीटरभरच, पण त्या बाई तीन रात्री झोपल्या नाहीत. तेव्हापासून लांबी मोजल्याशिवाय आणि पुन्हा तपासल्याशिवाय मी पुढची फाइल उचलत नाही. आजही ती दाढ आठवली की अस्वस्थ वाटतं.

या सगळ्यावर मात करणारी गोष्ट एकच: आधीचं दुखणं. दाढ आधीपासून ठणकत असेल तर नंतरही ठणकायची शक्यता जास्त, मग फाइल कुठलीही असो. खलाशी दोन रात्री जागून आला होता. त्याला सांगितलं, "मशीननं करते. तरी आजची रात्र थोडी जड जाईल." चावताना दाब येऊ नये म्हणून दाढेची उंची जराशी घासली. पोटाचा, किडनीचा, दम्याचा त्रास नाही ना, हे विचारून आयबुप्रोफेन दिलं: जेवून, भूल उतरायच्या आत. अँटिबायोटिक मागत होता. सूज नव्हती, ताप नव्हता, दिलं नाही. नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग नसतो, हे मी मेडिकलवाल्यांनाही सांगत असते.

आठ दिवसांनी तो आला. पहिल्या रात्री दोन गोळ्या लागल्या होत्या, दुसऱ्या रात्री जाळं ओढायला उभा होता. आता कॅप बसवायची आहे. बोट परत कधी सुटते ते विचारलं आणि त्याच्या आतली तारीख दिली.