सातव्या होलचा वारा

बाबांना पेबल बीचला नेलं ते मुद्दामच. लहानपणी बेळगावच्या कॅम्पात ते साहेबांच्या गोल्फच्या बॅगा वाहायचे. खेळायला मात्र कधी मिळालं नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं हे अठरा होलचं मैदान 1919 साली सुरू झालं. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट यांनी कितीतरी होल थेट कड्याच्या काठाने नेलेत. आठव्यावर दुसरा फटका खोल घळीपलीकडे मारायचा, अठराव्यावर डावीकडे सतत समुद्र. (खेळण्याची फी विचारू नका, नवऱ्याने मलाही सांगितलेली नाही.)

सातवा होल सगळ्यांत छोटा, जेमतेम शंभर यार्डांचा. ग्रीन खाली, तिन्ही बाजूंनी पाणी. पण वारा! 1992 च्या यूएस ओपनमध्ये टॉम काइटचा चेंडू इथे ग्रीनबाहेर गेला आणि पुढच्या फटक्यात थेट खळग्यात पडला. तो ती स्पर्धा जिंकला.

बाबांनी चिमूटभर गवत उडवलं. "जावईबापू, ही नको, सहा नंबरची घ्या."

चेंडू ग्रीनवर थांबला.

"बाबा, आता तुम्ही मारा ना एक," मी म्हटलं.

त्यांनी क्लब हातात घेतला, रुमालाने नीट पुसला आणि बॅगेत जागच्या जागी ठेवला.